स्पॅनिश शब्दांचं माहेर शोधताना : तीन मोफत शब्दकोशांची झडती

स्पॅनिशमध्ये मेहुणा, साला आणि दीर या तिघांना एकच शब्द पुरतो : कुन्यादो. आणि एका मुळातून निघालेल्या शब्दांना भाषाशास्त्रात इंग्रजी नाव आहे कॉग्नेट. हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच कॉग्नाटुसची लेकरं. त्याचा अर्थ ‘बरोबर जन्मलेला’, म्हणजे रक्ताचा नातेवाईक. त्यातला ‘ग्नाटुस’ आणि आपला ‘जात’ हेही एकाच मुळाचे. स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या तोंडी शतकानुशतकं घोळून शब्द झिजला, ‘ग्न’चा ‘न्य’ झाला आणि अर्थ रक्ताच्या नात्यावरून सोयरिकीवर घसरला. इंग्रजीनं तोच शब्द सतराव्या शतकात लॅटिन ग्रंथांतून उचलला, म्हणून तिच्याकडे तो कोरा करकरीत राहिला.

ज्याला इंग्रजी येतं त्याला स्पॅनिशचे हजारो शब्द असे अर्धेमुर्धे आधीच माहीत असतात. अडचण दोन ठिकाणी येते. झिजलेला शब्द ओळखू येत नाही, आणि ओळखीचा वाटलेला शब्द भलत्याच घरचा निघतो. दोन्हींवर इलाज म्हणून तीन साधनं फुकट, खातं न उघडता वापरता येतात : स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन कोश, इंग्रजी विक्शनरी आणि इंग्रजी शब्दांची मुळं देणारं एटिमॉनलाइन. तिघांचं काम वेगळं आहे आणि एकट्यानं एकही पुरत नाही. निकाल आधीच सांगून टाकायचा तर, सतत उघडं ठेवायचं पान विक्शनरीवरचं लॅटिन शब्दाचं. अकादमीचा कोश साक्षीला आणि एटिमॉनलाइन इंग्रजी टोकाला. स्पॅनिशवरून थेट इंग्रजीवर उडी मारली की फसगत ठरलेली.

(खाली स्पॅनिश उच्चार लॅटिन अमेरिकेतल्या चालीनं दिले आहेत. मुद्दा स्पेलिंगवर अडतो तिथे रोमन अक्षराचं नाव लिहिलं आहे.)

अकादमी 1713 सालची. तिच्या एकखंडी कोशाची पहिली आवृत्ती 1780 मध्ये आली, तेविसावी 2014 मध्ये, आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या ऑनलाइन आवृत्तीत घातल्या जातात. या कोशाला सगळे डीएलई म्हणतात. शब्द टाकला की अर्थांच्या आधी एक बारीक ओळ येते, तीच आपल्या कामाची. ‘देल लात.’ म्हणजे लॅटिनमधून, ‘लात. वुल्ग.’ म्हणजे बोलीतल्या लॅटिनमधून, ‘आर. इस्प.’ म्हणजे स्पेनमधल्या अरबीतून, आणि ‘दे ओर. इंक.’ म्हणजे मूळ अनिश्चित. सगळा कोश स्पॅनिशमध्येच आहे. पण एवढी चार-पाच संक्षेपरूपं पाठ केली की पहिल्या आठवड्यातला विद्यार्थीही ही ओळ वाचू शकतो.

ओळ भरवशाची, पण कंजूष. ‘फ्रीओ’ म्हणजे थंड. याची नोंद उघडली तर मूळ दिसतं लॅटिन फ्रिगिदुस. मग ‘फ्रीखिदो’ उघडा, जो पुस्तकी शब्द आहे आणि थंडगार, भावनाशून्य अशा अर्थानं येतो. तिथेही मूळ तेच, फ्रिगिदुस. ‘देल्गादो’ म्हणजे बारीक, सडपातळ. ‘देलिकादो’ म्हणजे नाजूक. दोघांच्याही डोक्यावर देलिकातुस. आपल्याकडे एखाद्या कोशानं ‘दूध’ आणि ‘दुग्ध’ या दोन्हींपुढे नुसतं ‘संस्कृत दुग्ध’ लिहून सोडलं तर नवख्याला काय कळणार? एक शब्द तोंडी वापरात झिजत आला, दुसरा ग्रंथांतून नंतर उचलला. मराठी व्याकरणात यांना तद्भव आणि तत्सम ही नावं शाळेपासून माहीत असतात. डीएलई तद्भव आणि तत्सम दोघांनाही ‘देल लात.’ हाच शिक्का मारतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं हा या कोशातला सगळ्यात मोठा दोष, कारण ध्वनिबदलाचे नियम फक्त तद्भवांना लागतात. तत्सम शब्द नियमात बसत नाही म्हणून डोकं खाजवत बसण्यात अर्थ नसतो.

दुसरी अडचण रूपाची. लॅटिन नाम कोशात प्रथमेत दिलेलं असतं, पुढे जमल्यास षष्ठी : ‘नॉक्स, नॉक्टिस’. स्पॅनिश नामं मात्र बहुतेक द्वितीयेच्या रूपावरून आली आहेत. ‘नॉक्स’वरून ‘नोचे’तला ‘च’ कधीच उलगडणार नाही, ‘नॉक्टेम’ हवं. ते स्वतः बनवायला सोपं आहे. शेवटी ‘उस’ असेल तर ‘उम’, ‘आ’ असेल तर ‘आम’, आणि षष्ठी ‘इस’नं संपत असेल तर ते काढून ‘एम’. मग शेवटचा ‘म’ गाळायचा आणि शेवटच्या ‘उ’चा ‘ओ’ करायचा. लुपुस, लुपुम, लुपु, लोबो : लांडगा. इंग्रजीत त्याचा उसना भाऊ ल्युपाइन. अपवाद अगदी थोडे, त्यातला रोजचा म्हणजे ‘दिओस’, देव. तो प्रथमेच्या देउसवरून आला, म्हणून शेवटचा ‘स’ टिकला.

तिसरी गोष्ट बारीक, पण काम अडवणारी. लॅटिन स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे डीएलई आघात (शब्दात जोर कुठे पडतो ते) कळण्यापुरतं, मोजक्या जागी दाखवतो. आणि स्पॅनिशचं अर्धं व्याकरण त्यावर उभं आहे. आघातातला ऱ्हस्व ‘ए’ फुटून ‘ये’ होतो आणि ऱ्हस्व ‘ओ’ फुटून ‘वे’ होतो : पेत्राचा पिएद्रा (दगड, इंग्रजीत पेट्रिफाय), पोर्ताचं पुएर्ता (दार, इंग्रजीत पोर्टल), नोवुमचा नुएवो (नवा, इंग्रजीत नॉव्हेल्टी). दीर्घ स्वर फुटत नाही. आघात सरकला तर फूटही जाते. पुएर्ताचा दारवान पोर्तेरो, कारण जोर ‘ते’वर आहे. क्रियापदांत ‘पुएदो, पोदेमोस’ अशी जी अदलाबदल मुलं घोकत बसतात, ती याच नियमाची आहे. पाठांतराऐवजी स्वराची लांबी पाहिली तर काम हलकं होतं, पण ती डीएलईत बहुतेकदा दिसणार नाही.

ती दिसते विक्शनरीत. डिसेंबर 2002 मध्ये सुरू झालेला हा कोश स्वयंसेवकांनी लिहिलेला आहे, आणि लॅटिन विभागात प्रत्येक दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते. त्याहून मोलाचं म्हणजे शब्द वारशानं आला की उसना घेतला हे तिथे शब्दांत लिहिलेलं असतं. ‘इनहेरिटेड’ म्हणजे तद्भव, ‘लर्नेड बॉरोइंग’ म्हणजे तत्सम, मधल्यांसाठी ‘सेमी-लर्नेड’, आणि एकाच शब्दाची दोन रूपं असली तर ‘डब्लेट ऑफ’ म्हणून दुसऱ्याचा दुवा. डीएलई जिथे गप्प बसतो तिथेच विक्शनरी बोलते.

वापरताना नवखा इथे हमखास चुकतो. विक्शनरीत पान स्पेलिंगचं असतं, भाषेचं नव्हे. एकाच पानावर इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज, लॅटिन असे विभाग एकाखाली एक. ‘डबल एल, ए, एम, ए’ हे पान घ्या. स्पॅनिशमध्ये ‘यामा’ म्हणजे ज्वाला, लॅटिन फ्लाम्मावरून आलेली. ‘यामा’ म्हणजेच अँडीजमधला लोकरी प्राणी, त्याचं नाव केचुआ भाषेतलं, लॅटिनशी संबंध शून्य. आणि ‘यामा’ म्हणजे ‘हाक मारतो’ हे क्रियापदाचं रूप, लॅटिन क्लामारेवरून, ज्याचे इंग्रजी नातेवाईक क्लेम आणि एक्स्क्लेम. तीन वेगळी घराणी एका स्पेलिंगमध्ये येऊन भेटली. म्हणून पान उघडलं की आधी भाषेचा मथळा गाठायचा, मग ‘एटिमॉलॉजी 1, 2, 3’ यातला आपला क्रमांक, मगच ओळ वाचायची. घाईत पहिला दिसलेला परिच्छेद उतरवला तर प्राण्याच्या गळ्यात ज्वाला पडते.

तिथून लॅटिन शब्दावर टिचकी मारून त्याच्या पानावर जायचं आणि खाली ‘डिसेंडंट्स’ म्हणजे वंशजांच्या यादीपर्यंत उतरायचं. या सगळ्या खटाटोपाचं फळ तिथे आहे. इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज, स्पॅनिश रूपं शाखांप्रमाणे लावलेली असतात आणि उसने शब्द बाणानं वेगळे दाखवलेले असतात. तारांकित रूप दिसलं तर ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नसून अभ्यासकांनी मागे जाऊन बांधलेलं आहे असं समजायचं. शब्द शोधताना आडव्या रेघा टाइप करायच्या नाहीत. पानांची नावं रेघांशिवाय असतात.

दोष? नोंदींचा दर्जा सारखा नाही. एका शब्दावर चार परिच्छेद आणि संदर्भ, शेजारच्यावर एक ओळ. संदर्भ नसलेली आणि डीएलईशी न जुळणारी व्युत्पत्ती वहीत पेन्सिलनंच लिहावी.

हे कोश दोन टोकं दाखवतात, मधली वाट नाही. वाटेचे नियम मात्र थोडेच आहेत आणि ते हाताशी असले की कोश उघडायच्या आधीच अर्धा अंदाज बांधता येतो. सगळ्यात घसघशीत परतावा देणारा नियम ‘क्ट’चा ‘च’. नॉक्टेम नोचे (रात्र, इंग्रजीत नॉक्टर्नल), ऑक्टो ओचो (आठ, ऑक्टेट), लाक्टेम लेचे (दूध, लॅक्टोज), पेक्टुस पेचो (छाती, पेक्टोरल), टेक्टुम तेचो (छत, प्रोटेक्ट, मुळात ‘झाकणं’), दिरेक्टुम देरेचो (सरळ, उजवा, हक्क, डायरेक्ट), फाक्टुम एचो (केलेलं, वस्तुस्थिती, फॅक्ट). मधला टप्पा पाहायचा असेल तर शेजारची पोर्तुगीज बघावी. ती ‘नोइते, लेइते, ओइतो’वरच थांबली आहे : आधी ‘क’चा ‘य’ झाला, मग त्या ‘य’नं ‘त’ला ओढून ‘च’ केलं. मराठीनं हेच जोडाक्षर वेगळ्या वाटेनं सोडवलं. भक्तचा भात आणि सक्तुचा सातू झाला, तिथे ‘क’ ‘त’मध्ये विरघळून गेला.

या नियमात एक सापळा आहे. ‘च’ दिसला की ‘क्ट’ शोधत सुटायचं नाही. ‘उल्ट’चाही ‘उच’ होतो. मुल्टुमचा मुचो (पुष्कळ), आउस्कुल्टारेचं एस्कुचार (ऐकणं), कुल्टेल्लुमचा कुचिल्यो किंवा कुचीयो (सुरी). आणि इथेच छुपे इंग्रजी नातेवाईक बाहेर येतात. डॉक्टर स्टेथोस्कोपनं करतो ते ऑस्कल्टेशन, आणि कानोसा घेणारा स्काउटही त्याच आउस्कुल्टारेचा, फक्त फ्रेंचमधून फिरून आलेला. सुरीचा नातलग कटलरी, तोही फ्रेंचमार्गे. कटलरीचा ‘कट’ या इंग्रजी क्रियापदाशी संबंध नाही, हे विक्शनरीच्या लॅटिन पानावर एका नजरेत कळतं.

शब्दारंभीचा ‘एफ’ स्वराआधी ‘एच’ झाला आणि पुढे उच्चारातून तोही गेला, फक्त स्पेलिंगमध्ये उरला. फीलिउमचा ईखो (मुलगा, इंग्रजीत फिलियल), फारीनाचं आरीना (पीठ), फुमुमचा उमो (धूर, फ्यूम), फॉर्मीकाची ओर्मीगा (मुंगी, फॉर्मिक ॲसिड), फुर्नुमचा ओर्नो (भट्टी, फर्नेस), फाबुलारीचं आब्लार (बोलणं, फेबल). ‘वे’च्या आधी ‘एफ’ टिकतो : फुएगो (विस्तव), फुएन्ते (झरा), फुएर्ते (बळकट). ‘ये’च्या आधी मात्र एकमत नाही. फिएस्तात टिकला, फेर्रुमच्या इएर्रोत (लोखंड) गेला. हा नियम लावताना ‘एच’ असलेला प्रत्येक शब्द ‘एफ’चा धरू नये. ओम्ब्रे (माणूस) हॉमिनेममधून आला, त्याचा ‘एच’ मूळचाच. त्याच शब्दात आणखी एक चाल दिसते : ‘मिन’मधला ‘इ’ गळून ‘म्न’, ‘म्र’ आणि शेवटी ‘म्ब्र’. नाम या अर्थाच्या नोमिनेचं नोम्ब्रे, पेरणं या अर्थाच्या सेमिनारेचं सेम्ब्रार. इंग्रजीतला सेमिनार हा मुळात रोपवाटिका.

‘पीएल, सीएल, एफएल’ यांचा ‘डबल एल’ झाला, जो बहुतेक ठिकाणी ‘य’सारखा ऐकू येतो : प्लेनुमचा येनो (भरलेला, प्लेनरी), प्लुवियाची यूविया (पाऊस), क्लावेमची यावे (किल्ली), प्लोरारेचं योरार (रडणं, इम्प्लोर, डिप्लोर). किल्लीचा तत्सम भाऊ ‘क्लावे’, म्हणजे संकेतशब्द किंवा संगीतातली स्वरखूण. इंग्रजीत क्लेफ, आणि गळ्याजवळचं हाड क्लॅव्हिकल म्हणजे ‘छोटी किल्ली’. दोन स्वरांमधले कठोर वर्ण मऊ झाले : वीटाची वीदा, आमीकुमचा आमीगो. आणि मूळचा मऊ ‘द’ बऱ्याचदा गळलाच : पेदेमचा पिए (पाऊल), क्रेदेरेचं क्रेएर (विश्वास ठेवणं, क्रेडिट), कादेरेचं काएर (पडणं, ॲक्सिडेंट, कॅडन्स). ‘स’नं सुरू होणाऱ्या जोडाक्षराआधी ‘ए’ चिकटला, एस्कुएला आणि एस्त्रेया. ‘एस्त्रेचो’ म्हणजे अरुंद. यात तीन नियम एकत्र भेटतात : स्त्रिक्टुमला पुढे ‘ए’ लागला, ऱ्हस्व ‘इ’चा ‘ए’ झाला, ‘क्ट’चा ‘च’ झाला. इंग्रजीत त्याचे स्ट्रिक्ट आणि सामुद्रधुनी या अर्थाचा स्ट्रेट असे दोन भाऊ.

‘र’ आणि ‘ल’ यांनी जागा बदललेले तीन शब्द वेगळे काढून ठेवण्यासारखे : पेरिकुलुमचा पेलीग्रो (धोका, पेरिल), मिराकुलुमचा मिलाग्रो (चमत्कार, मिरॅकल) आणि पाराबोलाची पालाब्रा (शब्द, पॅरेबल). व्याकरणाच्या भाषेत वर्णविपर्यय.

एका शब्दावर तिन्ही साधनं कशी चालवायची ते पाहू. शब्द ‘बोदा’, लग्न. डीएलई सांगतो की हे व्होटा, म्हणजे व्होटुमचं नपुंसकलिंगी अनेकवचन. अर्थ नवस, वचन. लॅटिनमधली ‘आ’कारान्त नपुंसक अनेकवचनं पुढे बऱ्याचदा स्त्रीलिंगी एकवचन समजली गेली. पानं या अर्थाच्या फोलियाची एकटी ‘ओखा’ झाली ती अशीच. आता नियम लावा. ‘ट’चा ‘द’ ठीक. सुरुवातीला ‘व्ही’ऐवजी ‘बी’, पण स्पॅनिशमध्ये दोन्हींचा उच्चार एकच, त्यामुळे तेही ठीक. मग आघातातला ‘ओ’ फुटून ‘बुएदा’ का झालं नाही? डीएलईत उत्तर नाही. विक्शनरीचं लॅटिन पान उघडलं की ‘ओ’वर आडवी रेघ, म्हणजे दीर्घ, दीर्घ ‘ओ’ फुटत नाही. वंशजांच्या यादीत व्होटो (मत) हा तत्सम दिसतो. मग एटिमॉनलाइनवर व्होट, व्हाउ आणि डिव्होट. तिन्ही व्होटुमच्या घरचे, त्यातला व्हाउ फ्रेंचमधून झिजून आलेला. म्हणजे इंग्रजीतही तत्सम-तद्भवाची तीच जोडी. एवढ्याला सात-आठ मिनिटं लागतात. प्रत्येक शब्दाला हा सोहळा करत बसू नये. एका नियमाचे आठ-दहा शब्द एकदम घ्यावेत. वहीत चार रकाने पुरतात : स्पॅनिश, लॅटिन द्वितीया, नियम, इंग्रजी. तिसरा रकाना रिकामा राहिला तर शब्द बहुधा तत्सम आहे किंवा व्युत्पत्ती चुकली आहे.

एटिमॉनलाइन हे डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या सुरुवातीला उभं केलेलं संकेतस्थळ, फक्त इंग्रजी शब्दांचं. स्पॅनिश शब्दाची स्वतंत्र नोंद तिथे मिळत नाही, आणि नोंदीत स्पॅनिश भावंडाचा उल्लेख कधी येतो, कधी नाही. लॅटिन शब्द शोधपेटीत टाकला तर ज्या नोंदींच्या मजकुरात तो आला त्या मिळतात, हा उपयोग बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्याचं खरं बळ मुळांच्या पानांत आहे. फुट उघडा, तिथून ‘पेद’ या इंडो-युरोपीय मुळावर जा, आणि लॅटिन पेदेम, इंग्रजी फुट, संस्कृत पद एका छताखाली दिसतील. पेडल हा लॅटिनमधून घेतलेला उसना शब्द, फुट मात्र चुलत भाऊ, ज्यात ‘प’चा ‘फ’ झाला. फादर आणि पादरे, फिश आणि पेस हेही तसेच चुलत. आणि आपला पाय? पादमधला ‘द’ दोन स्वरांत गळून ‘पाय’ झाला, पेदेममधला गळून ‘पिए’ झाला. दोन भाषांनी हजारो मैलांवर एकच काम केलं.

खोट्या जोड्या मोडायलाही एटिमॉनलाइनच उत्तम. मुचो आणि मच : मुचो मुल्टुमचा, मच जुन्या इंग्रजी मिचेलचा, जो संस्कृत महत्‌च्या गोतातला. दीआ आणि डे : काहीही नातं नाही. इस्ला आणि आयलंड : इस्ला इन्सुलाची, आयलंड जर्मानिक शब्दाचा, आणि त्यातला मुका ‘एस’ आइल या शब्दाच्या नादानं नंतर घुसवलेला. ओत्रो आणि अदर : ओत्रो आल्टेरचा, अदर वेगळ्या मुळाचा. सगळ्यात फसवी जोडी आबेर आणि हॅव. अर्थ जवळचा, स्पेलिंग जवळचं, तरी नातं नाही. आबेर आला हाबेरेवरून, त्याचे इंग्रजी नातेवाईक हॅबिट आणि एक्झिबिट. हॅवचं मूळ वेगळं. त्याचा लॅटिन चुलत भाऊ कापेरे, ज्याचा स्पॅनिश वारस काबेर, ‘मावणं’, आणि इंग्रजीत उसने कॅप्चर, कॅपेबल.

नातं खरं असूनही अर्थ फिरलेले शब्द ही वेगळी डोकेदुखी, आणि इथे तिन्ही कोश फारसे हात देत नाहीत. ‘एक्सितो’ म्हणजे यश, एक्झिट नव्हे. लॅटिन एक्सितुस म्हणजे बाहेर पडणं, मग शेवट, मग चांगला शेवट. ‘सुसेसो’ म्हणजे घटना, सक्सेस नव्हे. ‘लार्गो’ म्हणजे लांब, मोठा नव्हे. ‘आसिस्तिर’ बहुतेकदा हजर राहणं. डीएलईचे अर्थ क्रमानं वाचले तर वळण कुठे बसलं याचा अंदाज येतो. एटिमॉनलाइनवर इंग्रजी बाजूचा अर्थ कोणत्या शतकात बदलला ते सापडतं. जोडणी आपणच करायची.

यापुढे जायचं असेल तर छापील कोश आहे : कोरोमिनास आणि पास्कुआल यांचा सहा खंडांचा, माद्रिदच्या ग्रेदोसनं 1980 ते 1991 दरम्यान काढलेला. शब्द पहिल्यांदा कधी लिहिलेला सापडतो आणि कोणत्या व्युत्पत्तीवर कोणाचा आक्षेप आहे, हे त्यात सविस्तर मिळतं. सुरुवातीला त्याची गरज नाही.

आणि जिथे लॅटिनच नाही तिथे लॅटिन शोधत बसायचं नाही. डीएलई इथे पुन्हा चमकतो, कारण अरबी शब्दांची साखळी तो नीट देतो. आसूकार आणि नारान्खा अरबीमार्गे आले, आणि मागे मागे गेलं तर शर्करा आणि नारंगपर्यंत पोचतात. साखर, शुगर आणि ऑरेंज त्याच वाटेवरचे. इस्किएर्दा, म्हणजे डावी बाजू, बास्क भाषेशी जोडलेली. गेर्रा, म्हणजे युद्ध, जर्मानिक. इंग्रजी वॉर तिचा भाऊ. पेर्रोचं, म्हणजे कुत्र्याचं, मूळ कोणालाच पक्कं ठाऊक नाही. लॅटिन कानिसवरून आलेला ‘कान’ हा जुना शब्द होता, पेर्रोनं त्याला रोजच्या बोलण्यातून हुसकावलं. म्हणून केनाइन या इंग्रजी शब्दासमोर वहीत ‘कान’ लिहायचा, आणि पेर्रोसमोरचा रकाना रिकामाच ठेवायचा.